म्हापशाला नवीन बचत खातं काढायचं आहे. पहिली रक्कम रोख भरू की बाबांचा चेक देऊ?

तुम्ही लिहिलंय की नवी नोकरी लागली, पगारासाठी खातं हवंय, आईने डब्यात साठवलेले ४० हजार रोख दिलेत आणि बाबांनी २५ हजारांचा चेक फाडून दिलाय. यातलं बँकेत आधी काय पुढे करायचं, असा तुमचा प्रश्न. माझं ऐकाल तर खातं रोखीने काढा, तेही हजार-दोन हजारांनी. बाकीचं खातं सुरू झाल्यावर.

मी डिचोलीचा. काही वर्षांपूर्वी नोकरीसाठी फोंड्याला गेलो आणि तिथे खातं काढायचं ठरवलं. रोख कशाला खिशात घालून फिरा, म्हणून माझ्याच जुन्या खात्याचा १० हजारांचा चेक फॉर्मला टाचला, आधार-पॅनच्या झेरॉक्सवर सह्या ठोकल्या आणि मोकळा झालो. चार दिवसांनी फोन आला: चेक परत आलाय. मी चक्रावलोच, खात्यात पैसे तर होते! जाऊन बघतो तर सोबतच्या मेमोवर कारण लिहिलेलं, सही जुळत नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. ते जुनं खातं बारावीत असताना काढलेलं. तेव्हा मी मराठीत सही करायचो, प्रत्येक अक्षर सुटं, वर शिरोरेघ अगदी पट्टीने मारल्यासारखी. पुढे ऑफिसात शंभर कागदांवर सह्या करता करता ती इंग्रजीत एक फराटा होऊन बसली, आणि चेकवर तोच फराटा गेला. एटीएमने पैसे काढणाऱ्याला बँकेतली सही आठवायची वेळच कुठे येते? जुन्या बँकेने चेक परत गेल्याचे पैसे कापले ते वेगळेच, आणि इकडे फॉर्म आठवडाभर तसाच पडून. शेवटी काउंटरवर हजार रुपये रोख भरले तेव्हा गाडी पुढे सरकली.

म्हणून म्हणतो, खात्याचं सुरू होणं चेकच्या वटण्यावर टांगून ठेवू नका. रोख भरली की काम तिथल्या तिथे होतं.

बाबांचा चेक तर पहिल्या भरण्याला नकोच. पहिला चेक अर्जदाराच्या स्वतःच्या दुसऱ्या खात्यावरचा हवा, असं बऱ्याच शाखा सांगतात. त्यात तथ्य आहे, कारण तुमची ओळख आधी कुणीतरी तपासली आहे एवढं त्यातून कळतं. शाखेत न जाता, समोरासमोर न भेटता खातं काढणाऱ्यांना तर पहिली रक्कम स्वतःच्याच केवायसी झालेल्या खात्यातून आणावी लागते. तुमच्या हातात नवं पासबुक आलं की बाबांचा चेक खुशाल भरा. बाबांकडून मुलाला आलेल्या पैशावर आयकर लागत नाही, ती काळजी नको.

चेकवर नाव नव्या खात्यावर आहे तसंच हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये असेल आणि चेकवर नुसतं नाव-आडनाव असेल तर काउंटरवरचा माणूस चष्मा नाकावर आणून बघणार. नावापुढे खाते क्रमांक लिहा, कोपऱ्यात दोन रेघा ओढून मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहा. खाडाखोड झाली तर सरळ दुसरा चेक मागा. बाजूला सही करून दुरुस्ती करायचे दिवस गेले. नावाच्या जागी ‘सेल्फ’ लिहून सही केलेला चेक घेऊन फिरू नका, हरवला तर तो सापडणाऱ्याचा. आणि तारीख बघा, चेक ३ महिनेच चालतो.

ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात, त्यामुळे सकाळी काउंटरवर दिलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. ड्रॉप बॉक्सात टाकलात तर मात्र ती पेटी उघडेपर्यंत तो तिथेच.

आता आईचा डबा. तो घरीच उघडा, बँकेत नको. आमच्या आईनेही असाच तांदळाच्या पिंपात एक डबा ठेवला होता. आपल्याकडच्या पावसात नोटा एकमेकींना चिकटतात, वास मारतात, यंत्रात गेल्या की यंत्र थबकतं. दोन दिवस वर्तमानपत्रात पसरून सुकवा, मग मोजा. मळलेल्या नोटा बँक घेते, त्याला लाजायचं कारण नाही. आमच्या आईच्या डब्यात तळाशी दोन हजारांच्या ३ नोटा निघाल्या, आणि आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या नोटा अजून कायद्याने चलनात आहेत, पण बँकांनी त्या घेणं ७ ऑक्टोबर २०२३ नंतर थांबवलं. आता त्या रिझर्व्ह बँकेच्या १९ ठराविक कार्यालयांतच चालतात आणि त्यात गोवा नाही. मुंबई, बेलापूर नाहीतर बेंगळुरू गाठा, किंवा टपालाने पाठवा. आम्ही टपालाने पाठवल्या. २०१६ आधीच्या जुन्या पाचशेच्या निघाल्या तर त्यांचं काही होत नाही, एखाद-दुसरी आईला आठवण म्हणून ठेवू द्या.

नकली नोट निघाली तर बँक ती परत देत नाही. शिक्का मारून जप्त करते आणि पावती देते, पैसे गेले. एखाद-दुसऱ्या नोटेसाठी कुणी तुम्हाला चोर समजत नाही, पण एका वेळी ५ किंवा जास्त निघाल्या की प्रकरण पोलिसांत जातं.

स्लिपवर कुठल्या किती नोटा ते नीट भरा, कॅशिअरचं मोजणं संपेपर्यंत समोरून हलू नका, शिक्का मारलेली काउंटरफॉइल पासबुकात रक्कम दिसेपर्यंत किंवा एसएमएस येईपर्यंत तरी ठेवा. फॉर्म भरायला घरी आलेल्या माणसाच्या हातात रोख देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. आणि शुक्रवारी जाऊ नका हो. म्हापशाचा बाजार, गाडी लावायला जागा नाही, आणि पुढे रांगेत पिशव्या घेऊन आलेले दुकानदार.

जाण्याआधी किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते विचारा. पगाराचं खातं असेल तर बहुधा काहीच नाही. तसं नसेल तर शून्य शिलकीचं साधं बचत खातं (बँकेच्या भाषेत ‘बीएसबीडी’ खातं) प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं, फक्त ते आपणहून कुणी सुचवत नाही. नाव घेऊन मागा.

बाबांचं खातं किती जुनं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. बरंच जुनं असेल तर चेक भरण्याआधी त्यांना एकदा विचारा, खातं काढताना सही मराठीत केली होती का.