कार्ल्याच्या चैत्यगृहात आतून फोटो काढला की पिंपळपानी खिडकी पांढरीफट आणि छताच्या लाकडी कमानी काळ्याकुट्ट. ट्रायपॉड आणि फोटोशॉपशिवाय एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करून एक फोटो बनवणं, जमेल का?

जमेल. पण सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काम कॅमेऱ्यातच होतं, म्हणून आधी तिथलं सांगतो.

ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे गडद, मधला आणि उजळ असे फोटो) -२, ०, +२ वर ठेवा आणि मोड ॲपर्चर प्रायॉरिटी, ज्यात लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता आणि शटरचा वेग कॅमेरा. म्हणजे तिन्ही फोटोंत फक्त शटरचा वेग बदलेल. ॲपर्चर बदललं तर फोकसची खोलीही बदलते आणि फोटो नीट जुळत नाहीत. ऑटो आयएसओ (उजेडाला सेन्सरची संवेदनशीलता) बंद, व्हाइट बॅलन्स एकच, फोकस लॉक. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत चढवा, कोपर अंगाशी घट्ट धरा आणि बर्स्टवर (सलग फोटोंचा मोड) तिन्ही एका दमात घ्या. सर्वांत गडद फोटोचा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, तिथेच बघा. त्यातही खिडकी उजव्या कडेला आपटत असेल तर अजून एक गडद फोटो हवा. खिडकीतला तपशील कुठल्याच फोटोत नसेल तर घरी आल्यावर कोणतंही सॉफ्टवेअर तो आणून देणार नाही.

घरी ह्युजिन वापरा, फुकट आहे. डार्कटेबलमध्येही एचडीआर बनतो, पण ते फोटो एकमेकांशी जुळवून घेत नाही, त्यामुळे हातात कॅमेरा धरून काढलेल्यांना ते निरुपयोगी. ह्युजिनमध्ये तिन्ही फोटो घ्या, अलाइन करा आणि स्टिचर टॅबमध्ये एक्स्पोजर फ्युजन निवडा. मागे एन्फ्यूज नावाचा प्रोग्रॅम चालतो. प्रत्येक ठिकाणी ज्या फोटोचा उजेड, रंग आणि कॉन्ट्रास्ट चांगला, त्याला तो जास्त वजन देतो. खरं तर हा काटेकोर अर्थाने एचडीआर नव्हेच, कारण उजेडाची सगळी मापं साठवणारी ३२ बिटची फाइल मध्ये बनतच नाही. ती बनवून टोन मॅपिंग, म्हणजे तो उजेड पडद्यावर दिसेल इतपत दाबणं, करायचं असेल तर ल्युमिनन्स एचडीआर आहे, तेही फुकट. त्यातली मँटियुक ०६ ही टोन मॅपिंगची पद्धत जरा जास्त ओढली की दगड लोखंडासारखा दिसतो आणि खिडकीभोवती प्रभावळ उमटते. देवादिकांच्या कॅलेंडरांवर ती शोभते, इथे नाही. मला विचाराल तर फ्युजनच.

पर्यटक मधून चालत गेले तर तीन फोटोंत तीन भुतं दिसतात. अशा वेळी मधला फोटो गिंपमध्ये (फोटो एडिटर) खालच्या लेयरवर ठेवा, फ्युजन केलेला वर, आणि माणसं आहेत तेवढ्याच जागी वरच्या लेयरचा मास्क काळा करा, म्हणजे तिथे खालचा फोटो दिसेल. दोन्हींचा आकार सारखा हवा, म्हणून ह्युजिनमधून जुळवलेले वेगवेगळे फोटोही सेव्ह करून घ्या.

आणि कमानी पूर्ण उजळू नका. स्तूपामागची जागा तिथे खरोखरच अंधारी असते.