ते पथ्य पाळतात, पण घाबरलेत

"ताई, माझं वय ५२. चार महिन्यांपूर्वी यजमानांना अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून घरात पापड-लोणचं बंद, फरसाणचा डबा मी तांदळाच्या पिंपामागे लपवते. वाढते ते मुकाट्याने खातात, पण सारखे चिडतात. पारावर जाणं सोडलंय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असतात. मीही मध्येच उठून त्यांच्या नाकाशी हात धरून श्वास बघते. त्यांच्याकडून पथ्य नीट कसं पाळून घेऊ?"
– एक वाचक, सांगली जिल्हा

नमस्कार,

वाढाल ते मुकाट्याने खातात म्हणताय, म्हणजे पथ्य चाललंय की! अडलंय ते दुसरीकडेच.

झोप उडणं, माणसांत न जाणं, उगाच खेकसणं हे अटॅकनंतर पुष्कळांना होतं. साधारण पाचातल्या एकाला चक्क डिप्रेशन येतं. ते अंगावर काढलं तर पुन्हा हृदयालाच महागात पडतं, कारण असा माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो, सुटलेली तंबाखू परत धरतो. "मला भीती वाटते" हे आपल्याकडच्या पुरुषांच्या तोंडून निघत नाही. मग "भाजीत मीठ नाही" हे निघतं.

"कसं वाटतंय?" विचारलंत तर "बरंय" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा आपलं सांगा. रात्री उठून श्वास बघते, हे त्यांना कधी सांगितलंय? सांगा. समोरासमोर बसून नको, चालता चालता. शेजारी चालणाऱ्याशी बोलणं सोपं जातं, नजर चुकवावी लागत नाही. डॉक्टरांना विचारून रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करा, हळूहळू अर्ध्या तासावर न्या. चालताना गप्पा मारता आल्या तर वेग बरोबर. छातीत दुखलं, धाप लागली तर तिथेच थांबायचं. थांबूनही दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन. आणि जाता-येता वाट पारावरून न्या. तिथली चेष्टामस्करी त्यांना हवीच आहे.

डबा लपवणं मात्र बंद करा. त्यात ते चोर ठरतात आणि तुम्ही फौजदार. फरसाण घरात आणूच नका, विषय संपला. मीठ दिवसभरात सगळं धरून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा. तेवढ्यात लसूण, जिरं, लिंबू घालून झणझणीत नाही तरी चवदार नक्की करता येतं. उकडलेला दुधी रोज वाढलात तर कुणीही चिडेल, मीसुद्धा!

तुम्ही लिहिलं नाहीत आणि बहुतेक जणी लिहीत नाहीत, असा एक प्रश्न उरतो: नवरा-बायकोचं जवळ येणं. त्याचीही दोघांना धास्ती असणार. दम न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढता येत असतील तर सहसा हरकत नसते. तरी डॉक्टरांना एकदा मोकळेपणी विचारा, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात ती बारीक जाळी, त्यानंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून परस्पर थांबवू देऊ नका. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळीही आणू नका. झोप येत नाही, मन लागत नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनाच स्पष्ट सांगा, गरज पडली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीतूनही फुकट बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच लावलात तरी चालेल.

आता तुमचं. सगळ्या पत्रात स्वतःच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. चार महिने धड झोप नाही. शेवटचं बीपी कधी मोजलंत? साखर? पाळी गेल्यावर बायकांचाही हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यात छातीत कळ येईलच असं नाही. नुसती धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, विनाकारण गळून जाणं, आणि आपण ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन मोकळ्या होतो. पुढच्या महिन्यात त्यांना तपासणीला न्याल तेव्हा खिडकीवर केसपेपर दोन काढा.

तुमची,
ताई