कामिनो दे सांतियागो (स्पेनमधल्या सांतियागो शहरापर्यंतची पायी तीर्थयात्रा) पूर्ण चालायला सुट्टी नाही, तरी प्रमाणपत्र मिळतं का?

मिळतं. या यात्रेची फ्रेंच वाट म्हणजे फ्रान्समधलं सें-जाँ-पिए-द-पोर ते सांतियागो, साधारण ७८० किमी. त्याला महिना जातो. पण ‘कोंपोस्तेला’ प्रमाणपत्रासाठी पायी शेवटचे १०० किमी पुरतात, म्हणून बरेच जण याच वाटेवरच्या सारिया गावाहून निघतात आणि पाच-सहा दिवसांत पोचतात. मेख शिक्क्यांत आहे. ‘क्रेदेन्सियाल’ नावाच्या घडीच्या पुस्तिकेवर या टप्प्यात रोज दोन तरी शिक्के घ्या. चर्चमध्ये, आल्बेर्गेत म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या ठिकाणी, अगदी कॉफी पिता पिता बारमध्येही मारून देतात. सारियापासून गर्दी मात्र वाढते, मला ती नकोशी वाटते. बूट नवेकोरे नेऊ नका, फोड येतात. गॅलिसियात, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथे, उन्हाळ्यातही पाऊस गाठतो, तेव्हा रेनकोट सॅकमध्ये वरच ठेवा. वाट दाखवणारे पिवळे बाण दिसेनासे झाले, तर सरळ मागे फिरा.