पूर्वी दुधात बोरॅक्स, फॉर्मलिन टाकायचे हे खरंय का आणि ते बंद कसं झालं?

हो खरंय, आणि लपूनछपून नाही तर सर्रास. १९व्या शतकाच्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत फ्रिज नव्हते, दूध रेल्वेने लांबून शहरात यायचं, मग ते नासू नये म्हणून डेअरीवाले थोडं फॉर्मलिन नाहीतर बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिड (दोन्ही बोरॉनची, एकाच घराण्यातली रसायनं) टाकायचे. फॉर्मलिन म्हणजे तेच, ज्यात लॅबमध्ये मेलेले प्राणी ठेवतात! आणि हे दूध जायचं तान्ह्या बाळांच्या पोटात, याचा खरंच संताप येतो.

माझ्या मते विषाइतकाच मोठा प्रॉब्लेम हा होता की दूध आंबलं की कळतं तरी, पण प्रिझर्वेटिव्ह टाकलं की घाणेरड्या गोठ्यातलं शिळं दूधसुद्धा ताजं वाटतं.

अमेरिकेत १९०२ मध्ये सरकारी केमिस्ट हार्वे वायलीने १२ तरुण स्वयंसेवकांना जेवणातून बोरॅक्स द्यायला सुरुवात केली, आधी लोण्यातून दिलं तर पोरं लोणी खाणंच टाळायला लागली, मग शेवटी कॅप्सूलमधून दिलं. भूक मरणं, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या, पेपरात गाजलं आणि १९०६ चा शुद्ध अन्न कायदा यायला त्याची बरीच मदत झाली.

ब्रिटनमध्ये १९०१ ला सरकारी समितीने दुधात प्रिझर्वेटिव्ह नकोच म्हटलं होतं, पण नियम आला थेट १९१२ ला, म्हणजे ११ वर्षं तशीच गेली. त्यातही ३५ टक्क्यांच्या वर फॅट असलेल्या क्रीमला लेबल लावून बोरिक ॲसिडची सूट होतीच, ती १९२५ च्या नियमांनी काढली. तोवर पाश्चरायझेशन आणि कोल्ड स्टोरेज वाढत होतं, त्यामुळे केमिकलची गरजही कमी होत गेली.