कागदकामाच्या ऑनलाइन दुकानाला लक्षात राहील असं नाव कसं शोधावं?

तुम्ही आणि तुमची बहीण घरून क्विलिंगची (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेली) कार्डं, उघडताच चित्र उभं राहणारी पॉप-अप कार्डं आणि कागदी तोरणं करता. आता ऑनलाइन दुकान उघडायचंय. 'सृजन क्रिएशन्स', 'क्विलिंग क्वीन' आणि 'घडी' अशी तीन नावं मनात आहेत आणि त्यातलं कोणतं लोकांच्या लक्षात राहील, असं विचारलंय.

मी पुण्यातून नऊ वर्षं हेच काम करतेय. चौथ्या वर्षी मला दुकानाचं नाव बदलावं लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या पहिल्या नावात 'क्विलिंग' हा शब्द होता. तेव्हा मी तीन आणि पाच मिलिमीटरच्या पट्ट्या गुंडाळण्यापलीकडे काही करत नव्हते, त्यामुळे नाव अगदी चपखल वाटलं. पुढे पॉप-अप आले, कातरकाम आलं, दिवाळीचे छोटे आकाशकंदील आले. लोक विचारायला लागले, "तुम्ही फक्त क्विलिंगच करता ना?" एकदा रात्री सोलापूरहून एका ताईंचा फोन आला. त्यांना माझं पान सापडत नव्हतं. त्या एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करत होत्या. आधी 'के'ने सुरुवात केली, मग 'क्यू'ने, मग 'क्यू'नंतरचा 'यू' राहिला, मग 'एल' एक की दोन यावर अडल्या. शेवटी म्हणाल्या, "राहू द्या, तुम्हीच लिंक पाठवा." त्यांना माझा नंबर ठाऊक होता म्हणून लिंक तरी मागता आली. ज्यांच्याकडे नंबर नव्हता त्यांचं काय झालं असेल, हा विचार मला बरेच दिवस छळत होता.

नाव बदललं. आणि तिथे माझ्या हातून खरी चूक झाली: जुनं इन्स्टाग्राम हँडल, म्हणजे तिथलं खात्याचं नाव, मी सोडून दिलं. गेल्या वर्षी एका बाईंचा मेसेज आला. भावाच्या लग्नात आलेलं एक कार्ड त्यांना कपाटात साड्यांच्या खाली सापडलं होतं आणि तसंच मुलीसाठी हवं होतं. कार्डामागे माझं जुनं नाव. त्या नावाने शोधलं तर केक करणाऱ्या कुणाचं तरी पान उघडलं. चौकशी करत करत त्या दोन आठवड्यांनी माझ्यापर्यंत पोचल्या.

तेव्हा मला कळलं की आपला धंदा इतरांपेक्षा वेगळा आहे. खोकं फेकलं जातं, पिशवी फाटते, पण हाताने केलेलं कार्ड लोक जपून ठेवतात. पाच-सात वर्षांनी ते पुन्हा कुणाच्या तरी हातात येतं आणि मागे आपलं नाव असतं. म्हणून नाव निवडताना पहिला विचार वेबसाइटचा करू नका, कार्डाच्या मागच्या बाजूचा करा. शुभेच्छा कार्डं करणाऱ्या अमेरिकेतल्या हॉलमार्कने हे फार आधी ओळखलं होतं. त्या कंपनीने १९२८ मध्ये हे नाव घेतलं आणि प्रत्येक कार्डामागे ते छापायला सुरुवात केली. शब्द सोनारांच्या शुद्धतेच्या ठशावरून घेतलेला, आणि त्यातच संस्थापकांचं 'हॉल' हे आडनावही बसलेलं. इतकं नेमकं नाव आपल्याला सुचेलच असं नाही, पण जागा तीच आहे.

मागच्या बाजूला आपण रबरी शिक्का मारतो, त्याचाही विचार करा. माझा पहिला शिक्का तीन सेंटिमीटर रुंद होता आणि नाव इंग्रजीत एकोणीस अक्षरी. गुळगुळीत कार्डशीटवर ते कसंबसं वाचता यायचं. हातकागदावर मात्र शाई पसरायची, 'ई' आणि 'ए'ची पोटं भरून जायची आणि सगळं नाव मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायचं. आत्ताचं नाव तीन अक्षरी आहे. शिक्का तेवढाच, कागद तोच, आणि नाव हातभर अंतरावरून वाचता येतं.

आता तुमच्या नावांकडे येते. 'सृजन क्रिएशन्स' सोडून द्या. सृजन म्हणजेच क्रिएशन, म्हणजे एकच शब्द दोन भाषांत लिहिल्यासारखं झालं, आणि त्यात कागद कुठेच दिसत नाही. शिवाय 'क्रिएशन्स', 'आर्ट्स', 'क्राफ्ट्स' ही शेपटं इतक्या दुकानांना आहेत की गिऱ्हाइकाला पुढचा शब्द आठवेनासा होतो. 'क्विलिंग क्वीन'बद्दल वेगळं काय सांगू, वरची गोष्ट पुरेशी आहे. तुम्ही आजच तोरणं करताय, म्हणजे ते नाव आत्ताच अपुरं पडतंय.

'घडी' मला मनापासून आवडलं. कागदाची घडी, नव्या साडीची मोडलेली घडी, आणि आनंदाची घडीही. कार्डात जे जे असतं ते सगळं त्या एका शब्दात आहे. पण तो इंग्रजी अक्षरांत लिहिला की हिंदी वाचणारा घड्याळ समजतो, आणि त्याच नावाची कपडे धुण्याची पावडर देशभर विकली जाते. शोधात तुमच्या आधी घड्याळं आणि पावडर येणार. दुकान फक्त मराठी गिऱ्हाइकांचं असलं तरी फोनवर बहुतेक जण इंग्रजी अक्षरांतच शोधतात.

मराठी शब्द निवडताना ही एक मोठी अडचण आहे आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही. इंग्रजी अक्षरांत ळ गेला की वेळेची वेल होते आणि पाकळीची पाकली. त आणि ट एक होतात, म्हणून 'पताका' लिहिलं की अर्धे लोक 'पटाका' वाचतात. 'चतकोर' हा शब्द मला स्वतःला हवा होता, कारण कागदाचा ताव दोनदा दुमडला की चतकोर होतो आणि भाकरीचीही आठवण येते. माझ्या भाचीने तो इंग्रजीतून 'चॅटकोर' वाचला आणि मी तो सोडला. 'निरी' सुंदर आहे, पंख्यासारख्या घड्यांच्या कार्डाला तर फारच, पण नागपूरकरांना त्या उच्चाराने तिथली पर्यावरण संशोधन संस्था आठवेल. 'होडी', 'तोरण' यांसारखे शब्द तुलनेने सरळ आहेत: इंग्रजीत चार-पाच अक्षरं, लिहायची बहुतेक एकच रीत, आणि ऐकताक्षणी डोळ्यांसमोर चित्र. हे चित्र उभं राहणं फार महत्त्वाचं आहे. ब्रिटनमध्ये २००० साली मूनपिग नावाचं ऑनलाइन कार्डांचं दुकान सुरू झालं. ते संस्थापकाचं शाळेतलं टोपणनाव. चंद्र आणि डुक्कर यांचा कार्डांशी काही संबंध नाही, पण एकदा ऐकलं की ते विसरता येत नाही.

गावाचं नाव लावायचा मोहही होईल. जुन्नरी, दौलताबादी ही जुन्या कागदांची नावं गावांवरूनच पडली आणि पुण्यात कसब्यात कागदीपुरा अजून आहे. ऐकायला छान वाटतं, पण ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ इथे आडवं येतं. वस्तू काय आहे, कशी आहे किंवा कुठली आहे एवढंच सांगणाऱ्या नावाला सहसा नोंदणी मिळत नाही. 'पुणेरी कार्ड्स' किंवा 'हस्तकागद' ही नावं उद्या शेजारच्यानेही वापरली तर तुम्हाला फारसं काही करता येणार नाही.

नोंदणी पहिल्याच दिवशी केली पाहिजे असं नाही. पण शोध मात्र पहिल्याच दिवशी घ्या. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट घेता येतो. कागद आणि कार्डांचा वर्ग १६, दुकानदारीचा ३५. दोन्हींत बघा, आणि उच्चाराने मिळतीजुळती नावं शोधायचा पर्यायही वापरा, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार एक असेल तर हरकत येऊ शकते. पुढे अर्ज करायचा झाला तर व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते.

परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी एट्सीवर, म्हणजे हस्तकलेच्या वस्तू विकायच्या संकेतस्थळावर, जायचं असेल तर तिथे दुकानाचं नाव ४ ते २० अक्षरांचं लागतं आणि मधे जागा सोडता येत नाही. म्हणून दोन शब्दांचं नाव असेल तर ते चिकटवून लिहून बघा आणि दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. जोडून लिहिल्यावर भलताच शब्द तयार होतो, आणि तो आपल्याला स्वतःला कधीच दिसत नाही.

नाव बदलताना मनात असलेल्या तीन नावांची शेवटची परीक्षा मी पाच जणांवर केली होती: आई, भाची, कुरिअरचा दादा, बंगळुरूची एक मैत्रीण आणि अप्पा बळवंत चौकात मी जिथून कागद घेते ते काका. प्रत्येकाला फोनवर नाव एकदाच सांगितलं, स्पेलिंग सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल सांगितलेलं नाव मला टाइप करून पाठवा." पहिल्या नावाला दोघांनी बरोबर पाठवलं, दुसऱ्याला एकानेच. तिसऱ्याला चौघांनी. आई एक 'ए' जास्त घालते, म्हणून त्या स्पेलिंगचं डोमेनही (वेबसाइटचा पत्ता) मी घेऊन ठेवलंय.

नाव ठरलं की त्याच संध्याकाळी डोमेन आणि इन्स्टाग्राम हँडल घ्या, घरात चर्चा झाली तरी बाहेर कुणाला सांगण्याआधी. आणि पुढे कधी बदललंत तर जुनं हँडल सोडू नका. तिथे फक्त एक ओळ ठेवा की आम्ही आता या नावाने भेटतो.

तोवर एक करा. बहिणीबरोबर बसा आणि लहानपणी तुम्ही दोघींनी कागदाचं पहिलं काय केलं होतं ते आठवा. घरात त्याला काही खास नाव होतं का? असलं तर खाली प्रतिक्रियेत फक्त मराठीत लिहा. मी ते इंग्रजीत टाइप करून तुम्हाला पाठवते, मग तुम्हीच बघा जुळतंय का.