रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक 500 ला फ्युएल कंट्रोलर बसवला तरी गाडी झटके खाते, मॅपमध्ये पेट्रोल किती वाढवू?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2011 ची, सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललेले, आणि मेकॅनिकने नेटवरून उतरवलेला मॅप, म्हणजे किती थ्रॉटलला किती पेट्रोल कमी-जास्त करायचं त्याचा तक्ता, कंट्रोलरमध्ये (इंजिनात जाणारं पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या डब्यात) टाकून दिलाय. तरी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी झटके खाते आणि थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात.

आत्ता पेट्रोल अजिबात वाढवू नका. आधी अख्खा मॅप शून्यावर आणा.

मी ऐरोलीला राहतो, माझी गाडी 2012 ची. मी तीन महिने रोज रात्री लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये बसायचो, आकडे बदलायचो, ठाणे-बेलापूर रोडला चक्कर मारून यायचो. थंड इंजिनावर गाडी लोण्यासारखी चालायची आणि तापली की पुन्हा तेच. शेवटी थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप) आणि इंजिनचं हेड यांच्यामधलं रबर काढलं. वरून ते धडधाकट दिसत होतं. अंगठ्याने वाकवलं तेव्हा खालच्या अंगाला केसाएवढी चीर उघडली. तिथून नको ती हवा आत जात होती आणि मी ती पेट्रोल ओतून बुजवायला बघत होतो. तुमचं रबर त्याहून जुनं असेल, तर ते काढून वाकवून बघाच.

फटाक्यांचं मूळ बहुतेक बेंड पाइपच्या, म्हणजे हेडपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाइपच्या, जोडात सापडेल. थ्रॉटल सोडला की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं. हीच हवा ऑक्सिजन सेन्सरलाही फसवते. त्याला मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर, उगाच पेट्रोल वाढवतो. इंजिन थंड असताना चालू करा, कोणाला तरी सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं धरायला सांगा आणि हेडजवळच्या जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले की जोडातलं गॅस्केट (हवा अडवणारी चकती) गेलं समजा.

बॅटरी आणि अर्थिंगही बघून घ्या. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी झडप, एका वेळी काही मिलिसेकंदच उघडतो. व्होल्टेज पडलं की तो उशिरा उघडतो आणि तेवढं पेट्रोल कमी जातं. आपल्याकडच्या दमट हवेत अर्थिंगच्या टोकाला हिरवट थर धरतो, तो पॉलिश पेपरने घासून काढा.

आता कंट्रोलरकडे येऊ. तो ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतो आणि ईसीयूने दिलेली वेळ टक्क्यांनी कमी-जास्त करतो. पण एका वेगात सावकाश चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवर विसंबून मिश्रण स्वतःच दुरुस्त करत असतो. तिथे तुम्ही पाच टक्के वाढवलेत की तो थोड्या वेळात पाच टक्के काढून घेतो. मग दोघांची रस्सीखेच चालते आणि गाडी डुलते. म्हणून मॅपमधले कमी थ्रॉटलचे रकाने शून्यच ठेवा. तुमचं काम अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे आहे, कारण तिथे ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही.

दुसऱ्याच्या मॅपवर माझा भरवसा नाही, त्याला पेट्रोल हेही एक कारण आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते. आज पंपावर मिळणाऱ्या ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण 13.5 पट. म्हणजे इंजेक्टरने पूर्वीइतकंच पेट्रोल सोडलं तरी मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं. सावकाश चालवताना ईसीयू ते सावरून घेतो, पूर्ण थ्रॉटलवर कोणी सावरत नाही, आणि एअर-कूल्ड सिंगल सिलिंडर तिथेच तापतो. त्यात वाइडबँड मीटर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) ई20 वरही 14.7 च्याच हिशेबाने आकडे दाखवतो, म्हणून मीटर लॅम्ब्डावर लावा; त्यात 1 म्हणजे नेमकं मिश्रण, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण थ्रॉटलला 0.87 च्या आसपास धरा.

मीटरचा सेन्सर बेंड पाइपला आट्यांचा नट वेल्ड करूनच बसवा. सायलेन्सरच्या टोकाला धरला तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा येतो. डायनो (गाडी जागेवर रोलरवर चालवून मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तम. नाहीतर रविवारी पहाटे पाम बीच रोडला वेगमर्यादेत तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चालवून मीटरच्या आकड्यांची नोंद (लॉग) घ्या, आणि आकडे घरी येऊन बघा, चालवताना नाही. एका वेळी एकच रकाना बदला, तोही दोन-तीन टक्क्यांनी.

आयडलसाठी पीयूसीची पावती कामाला येते. तुमच्या साली बनलेल्या दुचाकीला सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा 3.5 टक्के आहे. त्याच्या जवळपास आकडा आला तर आयडलला मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे. अगदीच कमी आला तर लीन आहे, किंवा बेंड पाइपचा जोड अजून गळतोय.

आणि नट वेल्ड करायला पाइप उतरवाल तेव्हा हेडजवळच्या जोडाचं गॅस्केट नवीनच टाका. एकदा दबलेलं गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही.