पहिलं लढाऊ विमान: स्पिटफायर घ्यावं की मेसरश्मिट १०९?

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या सिम्युलेटर गेममध्ये पहिलं विमान म्हणून निःसंकोच ब्रिटिश स्पिटफायर घ्या, आणि मिळत असेल तर त्याची मार्क ९ ही आवृत्ती. तुम्ही विचारलंय की जर्मन १०९ वेगाने वर चढतं, मग तेच का नको? चढतं खरं, पण नवख्याचा जीव चढाईत जात नाही, वळणात जातो. शत्रू मागे लागला की आपण घाबरून स्टिक (विमान वळवायचा दांडा) पोटापर्यंत ओढतो. अशा वेळी स्पिटफायर आधी थरथरतं. त्याच्या पंखांना हलका पीळ दिलेला आहे, त्यामुळे पंख मुळाशी आधी स्टॉल होतो (उचलून धरणं सोडतो) आणि टोकाकडचे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या फळ्या) अजून काम करत असतात. ती थरथर जाणवली की स्टिक जराशी सैल सोडा, विमान लगेच सावरतं. हे एक जमलं की निम्मी लढाई जमली.

मार्क १ मात्र टाळा. नाक झटकन खाली दाबलं की कार्ब्युरेटरमुळे (इंजिनाला इंधन पुरवणारा भाग) त्याचं इंजिन अडखळतं.

मार्क ९ मध्ये दोन २० मिमी तोफा असतात, प्रत्येकीत साधारण १२० गोळे. ट्रिगर दाबून धरलात तर १०-१२ सेकंदांत सगळं संपतं! म्हणून अगदी जवळ जा, एकेक सेकंदाचाच मारा करा.

जपानी झीरो यापेक्षाही छान वळतं, पण वेग वाढला की त्याचे एलेरॉन जड होतात आणि थोडा मार लागला तरी पेट घेतं. अमेरिकन थंडरबोल्ट दणकट आहे, पण उंची राखायची शिस्त अंगात मुरल्यावरच त्याच्याकडे वळा.

पहिले काही दिवस फक्त उड्डाण आणि लँडिंग करा, लढाईला घाई नको.